पाचव्या पाकिटाचा चहा

यशवंतरावांच्या नाकाचा वास गेला तो नव्या रायपूरच्या सहापदरी रस्त्यावर, दिवसाढवळ्या, आणि त्या वेळी त्या रस्त्यावर त्यांच्याशिवाय दुसरं कोणीही नव्हतं.

मंत्रालय जुन्या शहरातून उठून तिकडे माळावर गेलं, तेव्हापासून ते तात्यापाऱ्यातल्या घरून रोज ऑफिसच्या बसने जात-येत असत. आवक-जावक शाखेत होते, जूनमध्ये रिटायर व्हायचे होते. फेब्रुवारीत एके दिवशी बस चुकली, म्हणून त्यांनी स्कूटर काढली. दुभाजकावरच्या बोगनवेलीला टँकरने नुकतंच पाणी घातलं होतं आणि त्यातलं बरंचसं रस्त्यावर आलं होतं. स्कूटर घसरली. यशवंतरावांच्या डोक्याची मागची बाजू दगडी काठावर आपटली. हेल्मेट डिकीत होतं, त्याला काही झालं नाही.

दवाखान्यात चार टाके पडले, डोक्याचा फोटो निघाला, फोटोत सगळं ठीक होतं. दोन दिवसांनी घरी सोडलं. बायकोने, वनमालाबाईंनी, त्याच आठवड्यात स्कूटर विकून टाकली.

वास गेल्याचं यशवंतरावांना कळलं ते आणखी आठवड्याने. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, वनमालाबाई शेजारी गेल्या होत्या. त्या धावत परत आल्या तेव्हा कुकरमधली डाळ जळून काळी झाली होती आणि स्वयंपाकघरातून निघालेला धूर पेपरपर्यंत पोचला होता. यशवंतरावांना वाटलं होतं, चष्म्याचा नंबर वाढला.

"नाकाले काय झालं तुमच्या?" वनमालाबाईंनी विचारलं.

"सर्दी," यशवंतराव म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी एकट्याने घरातली प्रत्येक बरणी उघडून पाहिली. हिंग, कापूर, वेलची, लसणाची चटणी, केसाला लावायचं तेल. कशातही काही नव्हतं. जीभ होती तशी होती. मीठ खारट लागत होतं, साखर गोड लागत होती, मिरची झोंबत होती. पण त्यापलीकडचं जे काही असतं, ज्यामुळे वांगं वांगं असतं आणि भेंडी भेंडी असते, ते सगळं उचलून नेल्यासारखं झालं होतं. एप्रिलमध्ये आंबा आला. तो गोड होता आणि ओला होता.

हे कोणाला सांगायचं आणि कसं, ते त्यांना उमजेना. हात मोडला असता तर प्लास्टर दाखवता आलं असतं. शिवाय यात एक अडचण होती. चौकातल्या टपरीवर बावीस वर्षांपासून दर रविवारी ते, दत्तोपंत आणि धर्मपाल असे तिघे चहा प्यायचे आणि त्या चहाबद्दल काय म्हणायचं ते यशवंतराव ठरवायचे. आलं जुनं आहे, पत्ती बदलली, आज वेलची टरफलासकट कुटली, हे त्यांनी पहिल्या घोटात सांगावं आणि टपरीवाल्याने मान खाली घालावी, अशी वहिवाट होती. फेब्रुवारीनंतरही त्यांनी ती चालू ठेवली. एका रविवारी म्हणायचे आलं चांगलं आहे, दुसऱ्या रविवारी म्हणायचे आलं बरं नाही. बहुतेक वेळा जमून जायचं. एप्रिलमध्ये टपरीवाल्याने ग्लास फिनाईलच्या बादलीत बुडवले तेव्हाच काय तो घोटाळा झाला. यशवंतराव म्हणाले, "आज आलं खास आहे." दत्तोपंतांनी त्यांच्या शब्दावर दोन ग्लास घेतले आणि संध्याकाळपर्यंत त्या आल्याचे ढेकर दिले.

जूनमध्ये यशवंतराव रिटायर झाले. ते कमी बोलू लागले होते, ताटावर बसले की समोर बघत जेवत होते. लोक म्हणाले, रिटायर झाल्यावर माणसाचं असं होतंच. हे कारण तयार मिळाल्यामुळे दुसरं कोणी शोधलं नाही.

ऑक्टोबरमध्ये धर्मपालकडे जपानहून पार्सल आलं.

धर्मपाल बीरगांवला राहायचा. उरल्याच्या एका पोलाद कारखान्यात त्याने एकतीस वर्षं भट्टीच्या तापमानाचे काटे तपासले होते. काटा चुकत असेल तर तो वहीत 'चुकतो' असं लिहायचा, मग मॅनेजर रागावो की युनियन. आता तो महिन्यातून एकदा सिरपूरला जाऊन तिथल्या जुन्या विहारांत येणाऱ्या उपासकांना हवी ती मदत करायचा. मागच्या डिसेंबरमध्ये तिथे जपानी मंडळी आली होती. त्यातल्या हिरानो नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंचं कानातलं यंत्र बंद पडलं. धर्मपालने चष्म्याचा पेचकस काढून ते तिथेच पायरीवर उघडलं, साफ केलं आणि पुन्हा बसवलं. बाईंना ऐकू यायला लागलं. त्यांनी तीन वेळा वाकून नमस्कार केला, धर्मपालने चार वेळा केला, आणि गाडी निघून गेली. दहा महिन्यांनी त्याच बाईंनी चहाची पाच पाकिटं पाठवली होती.

"रविवारी घरी या," धर्मपालने फोन केला. "टपरी राहू दे. हिरवा चहा आहे. पाच जातींचा."

"मले तब्येत जरा बरी नाही वाटत," यशवंतराव म्हणाले.

"तुले यावंच लागते. बाईनं पत्रात विचारलं आहे, कोणता चहा कसा लागला ते कळवा. मले त्यातलं काय समजते? तू सांगशील ते मी लिहून घेतो. आमची दीपमाला टाइप करून पाठवते."

यशवंतरावांनी फोन ठेवला. टपरीवर खोटं बोलणं निराळं होतं. धर्मपाल ते वहीत लिहिणार होता, खाली तारीख टाकणार होता आणि एका म्हाताऱ्या बाईला ते खरं म्हणून पाठवणार होता. ते शनिवारभर बेचैन राहिले. रविवारी सकाळी दत्तोपंत दारात येऊन उभे राहिले, तेव्हा ते चप्पल घालून त्यांच्या मागोमाग निघाले.

दत्तोपंत शाळेत गणित शिकवून रिटायर झाले होते. ऑटोत ते म्हणाले, "हिरव्या चहात दूध किती टाकतात?"

"टाकत नाहीत म्हणते."

"मग तो चहा कसा?"

बीरगांव येईपर्यंत ते याच विचारात होते.

धर्मपालच्या घरी टेबलावर पाच पाकिटं रांगेत ठेवली होती. अक्षरं सगळी जपानी, म्हणून त्याने प्रत्येकावर मार्करने एक ते पाच आकडे टाकले होते. पाकिटांच्या मागे चित्रं होती. किटली, घड्याळ आणि थर्मामीटर, शेजारी अंश. धर्मपालने कपाटातून आपला कारखान्यातला थर्मामीटर काढला. घड्याळासारखी तबकडी आणि खाली हातभर लांब दांडी. आधीच्या दिवशी त्याने तो उकळत्या पाण्यात धरून तपासून घेतला होता. बाजूला वही. वहीत रकाने: क्रमांक, तापमान, वेळ, मत.

मताच्या रकान्यावर त्याने यशवंतरावांचं नाव लिहिलं होतं.

धर्मपालची बायको सत्यभामा हिने स्टीलच्या लहान वाट्या मांडल्या. मुलगी दीपमाला मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसली. "काका, आप बीच में बैठिए," ती म्हणाली. यशवंतराव मधोमध बसले.

पहिला चहा पंचाण्णव अंशांवर, अर्धं मिनिट. रंग तपकिरी. यशवंतरावांनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले, एक घोट घेतला. गरम पाणी. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि दुसऱ्या कोणीतरी बोलावं म्हणून वाट पाहिली.

"भाजल्यासारखा वास येऊन राहिला ना, भाऊजी?" सत्यभामा म्हणाली. "फुटाण्याच्या भट्टीपाशी येते तसा."

"भाजलेला आहे," यशवंतराव म्हणाले. "पण जास्त नाही. नेमका उतरवला."

धर्मपालने लिहून घेतलं. यशवंतरावांनी दुसरीकडे पाहिलं.

दुसऱ्या पाकिटातून पत्तीबरोबर पांढरे फुललेले दाणे पडले. सत्यभामाने चष्मा लावून बघितलं.

"ये तो मुर्रा है," दीपमाला म्हणाली.

तो खरोखरच मुरमुरा होता. जपानहून छत्तीसगढमध्ये मुरमुरे यावेत याचं सगळ्यांना नवल वाटलं. दत्तोपंतांना वाटलं पार्सलात गडबड झाली. धर्मपाल म्हणाला, चित्रात दाणे दाखवले आहेत, म्हणजे ते मुद्दामच आहेत. चहा झाला. सगळ्यांनी मान हलवली की मुरमुऱ्यांचा वास येतो. यशवंतराव म्हणाले, "मुरमुरा ताजा आहे." तेही लिहिलं गेलं.

तिसरा चहा सत्तर अंशांचा होता. यशवंतरावांना तो कडसर लागला, आणि निदान कडसर तरी लागला म्हणून ते प्रामाणिकपणे "कडू" म्हणाले. दत्तोपंत म्हणाले, "गवत कापल्यावर लॉनमध्ये बसल्यासारखं वाटते. दूध असतं तर गवत दबलं असतं." चौथा म्हणजे हिरवी पूड होती. ती फेसावी असं चित्रात दिसत होतं. घोटायला काही नव्हतं म्हणून सत्यभामाने ताक घुसळायची लहान रवी आणली आणि पातेल्यात पाच मिनिटं घुसळली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर थोडी हिरवी नक्षी उडाली. यशवंतरावांनी त्याबद्दल काय सांगावं ते सुचेना, म्हणून ते म्हणाले, "फेस चांगला आहे." फेस सगळ्यांना दिसतच होता. दत्तोपंतांनी खिशातून साखरेची पुडी काढली. ती ते घरून घेऊन आले होते.

चार रकाने भरले होते आणि चारांपैकी अडीच खोटे होते. यशवंतरावांचे कान तापले होते.

पाचव्या पाकिटावर पन्नास अंश लिहिलं होतं.

"एवढं थंड?" सत्यभामा म्हणाली. "यात तर बाळाले आंघोळ घालतात."

"लिहिलं आहे तसं करायचं," धर्मपाल म्हणाला. त्याने पाणी दोन भांड्यांतून ओतून ओतून थंड केलं. काटा पन्नासवर आल्यावर पत्तीवर टाकलं, तेही थोडंच, आणि दोन मिनिटं घड्याळाकडे बघत बसला. वाटीत चमचाभर हिरवट पिवळं पाणी आलं.

यशवंतरावांनी ते तोंडात घेतलं.

आधी काहीच नाही. मग जिभेच्या मधोमध काहीतरी उमटलं. ते गोड नव्हतं, खारट नव्हतं, कडू तर नव्हतंच. ते तिथून कडांकडे सरकलं, गालांच्या आतून पसरलं, तोंडाला पाणी सुटलं. घोट उतरला तरी ते गेलं नाही, जिभेवर बसून राहिलं. यशवंतराव हलले नाहीत. आठ महिन्यांत त्यांच्या तोंडात पहिल्यांदा कोणीतरी आलं होतं.

"मासोळीचं पाणी वाटते," दत्तोपंत म्हणाले आणि वाटी दूर सारली. "अन् कोमट."

"मले तर पालक उकडल्यासारखं," सत्यभामा म्हणाली.

"यशवंत?" धर्मपालने पेन उचललं.

"अजून आहे?"

"आहे. पण मत सांग."

"आधी दे."

त्यांनी दत्तोपंतांची वाटी प्यायली, सत्यभामाची प्यायली, मग किटलीत राहिलेलं स्वतःच्या वाटीत पिळून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. ते लपवायला वाटी फार लहान होती.

"वरणाले घट्ट शिजवून शिजवून त्याचं नुसतं सत्त्व काढलं तर कसं लागेल, तसं," ते म्हणाले. "लिही. हे खरं आहे."

धर्मपालने पेन टेकवलं आणि थांबला. "हे खरं आहे म्हणजे?"

यशवंतरावांनी वाटी खाली ठेवली. "वरचे चार खोडून टाक. मले वास येत नाही. फेब्रुवारीपासून. पडलो तेव्हाच गेला. कशाचाच येत नाही."

बाहेर कारखान्याकडे जाणारी ट्रकांची रांग हॉर्न वाजवत होती. दीपमालाने मोबाईल बाजूला ठेवला.

दत्तोपंत बराच वेळ विचार करत होते. गणिताच्या माणसाला पायरी सोडून चालत नाही. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे एप्रिलमध्ये ते फिनाईल होतं."

"फिनाईलच होतं."

"मी दोन ग्लास घेतले होते."

"मीही घेतला होता, पंत."

दत्तोपंतांनी यावर मान हलवली. सोबत प्यायला होता, एवढ्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

धर्मपाल उठला आणि स्वयंपाकघरात गेला. येताना त्याच्या हातात एक ताट होतं. त्यात कापूर, हिंग, चिरलेला कांदा, वेलची आणि डोक्याला लावायच्या बामची डबी. त्याने यशवंतरावांच्या डोळ्यांवर पंचा बांधला आणि एकेक वस्तू नाकाखाली धरली. हिंग: नाही. वेलची: नाही. कापूर: नाही, पण थंड लागतं. कांदा: नाही, पण पंच्याखाली डोळ्यांतून पाणी आलं. बाम: थंड, झोंबतो, वास नाही. धर्मपालने वहीचं नवं पान काढून सगळं लिहिलं. झोंबणं चालू, थंडावा चालू, जीभ चालू, वास बंद. मग पंचा सोडला.

"काटा ठीक आहे तुझा," तो म्हणाला. "तार तुटली. डोकं मागून आपटलं ना, तेव्हा समोरची तुटली असंल."

"जुडते का?"

"ते मी कसं सांगू? मी भट्टीचा माणूस आहे. डॉक्टरले दाखवू. मी येतो संग." थोडं थांबून तो म्हणाला, "आठ महिने काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? टाके होते तोवर लोक विचारत होते. टाके निघाले, विषय संपला."

पत्र त्याच दुपारी गेलं. दीपमालाने ते इंग्रजीत केलं, पण वडिलांनी सांगितलेला एकही शब्द गाळला नाही. क्रमांक एक ते चार यांच्याबद्दल मत उपलब्ध नाही, कारण तपासणाऱ्याला वास येत नाही, हे आम्हाला आज कळले. क्रमांक पाच अत्यंत उत्तम, तपासणाऱ्याने इतरांच्या वाट्याचाही घेतला. दत्तोपंत यांच्या मते पाचही चहांत दूध नाही. आपले यंत्र व्यवस्थित चालत असावे.

पाचवं पाकीट सत्यभामाने यशवंतरावांच्या पिशवीत टाकलं. थर्मामीटरही दिला, परत आणून द्यायच्या अटीवर.

घरी वनमालाबाई मेथी निवडत होत्या. यशवंतरावांनी त्यांच्यासमोर पाट ओढला आणि ऑटोत ठरवून ठेवलेली तीन वाक्यं म्हणून टाकली. वनमालाबाईंचे हात चालूच राहिले. जुडी संपली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मे महिन्यात मी तेल बदललं, ते समजलंच नाही तुम्हाले?"

"नाही."

"जूनपासून हिंग बंद केला. पाहू म्हटलं, बोलतात का काही."

"नाही समजलं."

"मले वाटलं, माझ्या हातचं आता आवडत नाही. रिटायर झाले, दिवसभर घरात, उबगले असतील. सांगत नाहीत, गिळून राहिले." त्यांनी काड्या एका बाजूला केल्या. "तुमच्या वाढदिवसाले सांभारवडी केली होती. पाच जुड्या कोथिंबीर आणली होती मी गोल बाजारातून. तुम्ही सहा खाल्ल्या अन् उठून गेले. त्या दिवशी मी रडली."

"केव्हा?"

"भांडी घासतानी."

सांभारवडी यशवंतरावांना आठवत होती. कुरकुरीत होती, आत काहीतरी मऊ होतं.

"कशी झाली होती?" त्यांनी विचारलं.

वनमालाबाईंनी जरा विचार केला. "चांगली झाली होती," त्या म्हणाल्या.

मग यशवंतरावांनी पाणी तापवलं, थर्मामीटर धरला, पन्नासवर येईपर्यंत दोघंही काट्याकडे बघत उभे राहिले. वनमालाबाईंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे तुम्हाले आवडलं?" यशवंतराव हो म्हणाले. वनमालाबाईंनी आपली वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि मेथी धुवायला गेल्या.

दिवाळीनंतर धर्मपाल त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. वहीही नेली. डॉक्टरांनी तपासलं, वही पाहिली आणि धर्मपाल जे म्हणाला होता तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन. कधी कधी थोडा वास परत येतो, पण एवढे महिने गेल्यावर आशा कमी. सवय करून घ्या, आणि घरात गॅस आहे तर सांभाळा.

गॅसची सोय लगेच झाली. रात्री निजायच्या आधी वनमालाबाई स्वतः हात लावून सिलेंडरची चावी बंद करू लागल्या. दुसरी गोष्ट मात्र डॉक्टरांना माहीत नव्हती. वनमालाबाईंचं नाक लहानपणापासूनच मंद होतं. तीस वर्षं त्या घरात दूध नासलं की नाही हे यशवंतरावच सांगत आले होते. एप्रिल आणि जुलै मिळून दोघांची पोटं चार वेळा बिघडली होती आणि चारही वेळा दोष नळाच्या पाण्यावर गेला होता. आता ते दोघांच्याही ध्यानात आलं.

तेव्हापासून रोज सकाळी वनमालाबाई दुधाचं पातेलं घेऊन शेजारच्या शर्मिष्ठाच्या दारात जातात. ती कॉलेजला जायच्या घाईत असते, तरी वाकून वास घेते.

"ठीक है, काकी," ती म्हणते.

वनमालाबाई परत येतात, दूध गॅसवर ठेवतात, आणि यशवंतराव आपल्या चहाच्या पाण्यातल्या काट्याकडे बघत पन्नास होण्याची वाट बघतात.